सहा खिडक्या आणि एक भिंत

आमच्या स्वयंपाकघरातली लोणच्याच्या बरण्यांची फळी मी जमिनीपासून सव्वासात फुटांवर मारली. नवीन पनवेलला घर घेतल्यावर स्वतःच्या हाताने केलेलं ते माझं पहिलं काम. फळी अगदी रेषेत होती. उंची ठरवताना तर मी शास्त्रशुद्ध पद्धत वापरली होती. ताठ उभा राहिलो, हात वर केला आणि बोटं टेकली तिथे पेन्सिलीने खूण केली. आता मी पाच फूट नऊ इंच. आमची ही चार फूट अकरा. लोणचं काढण्याचं काम घरात माझ्याकडे कधीच नव्हतं, ही गोष्ट फळीला दोन हात रंग देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आली. खरं सांगायचं तर आली नाही, आणून देण्यात आली.

"छान झालीय," ती खालून वर बघत म्हणाली. देवळाचा कळस बघतात तशी. "आता बरणी काढायला कुणाला हाक मारू?"

"स्टूल आहे की," मी म्हणालो.

तेव्हापासून आमच्याकडे लोणचं स्टुलावर चढून काढलं जाऊ लागलं.

हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण मी ऑफिसात फळीची गोष्ट सांगितली, आणि सांगताना फक्त रेषेपर्यंतच सांगितली.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. कारखाना आणि गोडाऊन तळोज्याला, आणि ऑफिस जुन्या पनवेलात, टपाल नाक्याजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. मी तिथे हेडक्लार्क होतो. जागा एवढीशी की माझा ड्रॉवर उघडायचा तर हिशेबनिसांना उभं राहावं लागे, ते उभे राहिले की टायपिस्ट बाईंची खुर्ची सरके, आणि बाईंची खुर्ची सरकली की दार लागून घेई. म्हणून ड्रॉवर दिवसातून दोनदाच उघडायचा असं आम्ही ठरवून टाकलं होतं, एकदा अकराला आणि एकदा चारला. मधल्या वेळात कुणाला टाचणी लागली तर त्याने धीर धरायचा.

नव्वदच्या आसपास कधीतरी मालकांनी एसटी स्टँडजवळच्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, चांगला ऐसपैस हॉल घेतला. एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. जुन्या ऑफिसातली केबिन म्हणजे पडदा.

"घरचं फर्निचर तुम्ही स्वतः केलंत म्हणे?"

"हो, थोडंफार," मी म्हणालो. फळी एकच होती, तेव्हा 'थोडं' खरं होतं. 'फार' कुठून आलं कोण जाणे.

"मग नव्या ऑफिसची आखणी तुम्हीच करा. पार्टिशन वगैरे, मुंबईसारखं. आणि एक लक्षात ठेवा. हल्ली मोठ्या कंपन्यांत माणसांना विचारून करतात. कोणाला काय हवं ते आधी विचारायचं, मग टेबल हलवायचं. काय?"

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणाला शिडी लागत नाही. त्याच संध्याकाळी मी स्टेन्सिल कापली. वर ठळक अक्षरांत 'कर्मचारी-सोय पत्रक', खाली हुद्दा, सध्याच्या जागेच्या अडचणी, आणि शेवटी एक ओळ अधोरेखित करून : 'आपणांस कामाच्या जागी काय हवे?' सहा टेबलं आणि एक शिपाई एवढ्या ऑफिसासाठी मी पन्नास प्रती काढल्या. सायक्लोस्टाइलचं हँडल एकदा हातात आलं की सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या हिच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप गळ्यात अडकवून मी कामाला लागलो. टेबलाची उंची माणसाच्या कोपरावरून ठरवावी असा शोध मला रात्रीतून लागला होता. हिशेबनिसांचं कोपर मोजलं, माझं मोजलं, आणि टायपिस्ट बाईंकडे वळलो.

"बाई, हात जरा वाकवता का?"

बाईंनी टाइपरायटरवरची नजर काढली नाही. "बाही लांब ठेवताय की आखूड?"

टेप गळ्यातून खिशात गेली आणि पुढची मापं मी नजरेने घेतली.

दोन दिवसांत पत्रकं भरून आली. बाईंनी एकच शब्द टाइप करून दिला होता, 'खिडकी'. हिशेबनिसांनी मागच्या बाजूपर्यंत लिहिलं होतं : खिडकी हवी, पण ऊन नको, धूळ नको, पावसाची झड नको आणि एसटीचे हॉर्न नकोत.

"मग खिडकीचं कॅलेंडर लावू का?" मी विचारलं.

"चालेल," ते म्हणाले, "पण वारा येऊ द्या."

विक्रीचे दोघं महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर असत. त्यांनीही खिडकीच लिहिली होती. एसटीत बसून बसून लागलेली सवय, दुसरं काय. मी स्वतः पत्रक भरलं आणि स्वतःलाच सादर केलं. अर्थात खिडकी. शिपाईमामांनी लिहिलं होतं, 'मला स्टूल आहे. त्यावरच्या फायली उचलल्या तर मी बसेन.'

आणि एक पत्रक निराळंच आलं. त्यावर लिहिलं होतं, 'भिंत. डावीकडे.'

हे पत्रक डिस्पॅच बघणाऱ्या गृहस्थांचं. ते उरणच्या कोळीवाड्यातले, वयाने आम्हा सगळ्यांत मोठे, म्हणून सगळं ऑफिस त्यांना दादा म्हणे. सकाळी बायकोची मासळीची पाटी तिच्या डोक्यावर चढवून द्यायची, हाताला लिंबू चोळायचं आणि एसटी धरून पनवेलला यायचं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. टपाल हातात घेतलं की पाकिटाला लिंबाचा बारीकसा वास येई. तळोज्याच्या लोकांना वाटायचं, आम्ही सुवासिक पाकिटं वापरतो.

मी त्यांच्याकडे गेलो. "दादा, खिडकी मागा हो. सगळे मागतायत."

"नको भाऊ. आमचा जलम वाऱ्यात गेला. वारा खाऊन पोट भरला आता. आमाला आपली भितच बरी. पन डाव्या आंगालाच हां."

मला भरून आलं. काय निरिच्छ माणूस! जिथे जो तो खिडकीसाठी हात पसरतोय तिथे हा भल्या मनाचा म्हातारा नुसती भिंत मागतोय! मी तिथल्या तिथे ठरवलं की हॉलमधली सगळ्यात मोक्याची जागा दादांनाच द्यायची.

आता इथे एक गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी किती मोठा गाढव होतो ते तुम्हाला पुढे नीट बघता येईल. दादांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. जुन्या ऑफिसात त्यांची डावी बाजू भिंतीला चिकटलेली होती, त्यामुळे माणूस, फाइल, शिवी, चहा, जे काय यायचं ते उजवीकडूनच यायचं. अकरा वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता. मी तर अकरा वर्षं त्यांच्या उजवीकडेच बसत होतो. म्हणजे माझं सगळं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं, आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आलेख कागदावर आखणी करण्यात गुंग होतो. हॉलला खिडक्या दोन आणि मागणारे पाच, आणि दादांना मी न मागता देणार, म्हणजे सहा. पण मी आता शास्त्रज्ञ झालो होतो. टेबलं मी अशी तिरकीतारकी मांडली की प्रत्येकाला कुठूनतरी खिडकी दिसावी. कुणाला समोर, कुणाला डावीकडे, मला स्वतःला पाठीमागे. यजमानाने शेवटी जेवावं तसं. दादांच्या उजव्या हाताला खिडकी आली आणि डावी बाजू, म्हणजे साहेबांच्या केबिनकडची, मी मुद्दाम सताड मोकळी ठेवली. वारा आरपार गेला पाहिजे!

साहेबांनी आखणी पाहिली, मान डोलावली, सही केली. पार्टिशनं व्हायच्या आधीच टेबलं हलवली, कारण जुनी जागा सोडायची होती. नव्या जागेच्या सत्यनारायणाच्या पूजेला दहा दिवस होते. आम्ही खडूच्या रेघांमध्ये बसून कामाला लागलो. ड्रॉवर वाटेल तेव्हा उघडता येत होते. पहिल्या दिवशी हिशेबनीस नुसतेच ड्रॉवर उघडून मिटत बसले होते, आणि त्यांना कुणी हसलं नाही.

आणि साहेबांनी केबिनमधून पहिली हाक मारली.

"दादा, तळोज्याची चलनं गेली का?"

दादा पाकिटावर तिकिटं लावत होते.

"दादा!"

दादांनी दुसरं तिकीट ओलं केलं, चिकटवलं, वरून प्रेमाने अंगठा फिरवला.

साहेब उठून दारात आले. "अहो, मी काय भिंतीशी बोलतोय का?"

भिंत असती तर प्रश्नच नव्हता. पण दादा मान वर करून आमच्याकडे, म्हणजे उजवीकडे, बघून हसले. कारण आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. साहेबांच्या कपाळावरची शीर मला माझ्या टेबलापासून दिसली.

असं दिवसातून तीनदा, चारदा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. नवी केबिन, नवं दार, ते लावायची त्यांनाही हौस होती.

"तुमच्या दादांचा भाव फार वाढलाय. नवं ऑफिस काय मिळालं, वरिष्ठ हाका मारतोय आणि हे तिकिटं चाटतायत! पूजा होऊ द्या, त्यांना तळोज्याच्या गोडाऊनला धाडतो. तिथे कुणी हाका मारत नाही."

मी दादांना खाली स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला नेलं. त्यांच्या शेजारी बाकावर बसलो आणि जे काय मनात होतं ते बोलून टाकलं. साहेबांचा राग, तळोजा, माझी काळजी, वडीलकीच्या माणसाने कसं वागावं, सगळं. चांगलं पाच-सात मिनिटं बोललो. दादांनी शांतपणे चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, मघाधरनं तोंड हलतंय तुमचा, म्हंजे कायतरी बोलत आसाल. या आंगाला येऊन बसा. त्या कानाचा दुकान बंद हाय."

मी उठून उजवीकडे गेलो आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा बोललो. दुसऱ्या खेपेला ते तेवढं चांगलं जमलं नाही.

लहानपणी कान फुटला होता, एवढंच त्यांनी सांगितलं.

"अहो दादा, मग सांगायचं नाही का?"

"लिवला होता ना फारमात. भित मांगली होती. तुमी वारा दिला."

मी आणखी एक चहा सांगितला.

"साहेबांना मी समजावतो," मी म्हणालो.

"नाय!" दादांनी माझा हात धरला. "बहिरा बोलून नाय सांगायचा. मुजोर बोलून धाडला तरी चालंल, बहिरा बोलून नको." मग जरा थांबून म्हणाले, "पन धाडू नाय दिला तं बरा व्हईल. तळोज्याला आठाची हजेरी, दोन गाड्या बदलाच्या. मना सहाला निंगावा लागंल. आमचे घरवालीचे गुडघे गेलेत. पाटी मी चढवून देतो तवा ती बाजारात जाते. सहाला निंगलो तं पाटी कोन चढवल? चार वरसां रायलीत माझी. तवर ढकलायची हाय."

झालं. साहेबांना सांगायचं नाही, दादांना हलू द्यायचं नाही, आणि घोळ तर माझ्या आखणीने घातलेला. सुटका एकच होती. पार्टिशनचं काम अजून व्हायचं होतं. दादांच्या डाव्या बाजूला भिंत आली की साहेबांना केबिनमधून हाका मारताच येणार नाहीत, वळसा घालून उजवीकडून यावं लागेल. पण मला पूजेच्या आधीचे तीन दिवस मेहुणीच्या लग्नासाठी आपट्याला जायचं होतं, आणि काम त्याच तीन दिवसांत होणार होतं.

काम नेऱ्याच्या एका मिस्त्रींकडे दिलेलं. हात सोन्याचा आणि तोंड बंद अशी त्यांची ख्याती. नुकतंच त्यांनी एका सिनेमा थेटराचं लाकूडकाम केलं होतं. मी समजावून सांगायला लागलो तर म्हणाले, "आकडं आनि यादी द्या. बोलू नका." म्हणून मी स्वच्छ अक्षरात यादी केली. टायपिस्ट - खिडकी, डावी. हिशेब - खिडकी, समोर. विक्री एक, विक्री दोन - खिडकी, उजवी. हेडक्लार्क - खिडकी, मागे. आणि डिस्पॅच - खिडकी, उजवी. त्याच्यापुढे 'डावी बाजू मोकळी' होतं ते खोडलं आणि लिहिलं, 'भिंत, डावी, छतापर्यंत'. हे तीन शब्द मी दोनदा अधोरेखित केले आणि निर्धास्त मनाने लग्नाला गेलो.

जाताना एसटीत आमच्या हिला दादांची गोष्ट सांगितली.

"अकरा वर्षं?" ती म्हणाली. "शेजारी बसून?"

"उजवीकडे बसत होतो ना, म्हणून."

"हं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. तिला खिडकी मिळाली होती.

गुरुवारी सकाळी आम्ही आपट्याहून परस्पर ऑफिसात उतरलो. सत्यनारायणाला सहकुटुंब बोलावलं होतंच. पण दारात पाऊल टाकतो तो टायपिस्ट बाई तोंडावर पदर धरून उभ्या. त्या हसतायत की रडतायत ते कळेना. मी आत गेलो.

हॉलभर फिकट निळ्या सनमायकाची पार्टिशनं उभी होती. सुरेख, ताठ, कोपरे घासलेले. आणि प्रत्येक पार्टिशनला एक खिडकी होती. वर कमान, खाली हात जाईल एवढी अर्धगोल फट, पुढे पैसे ठेवायला असावी तशी पॉलिश केलेली फळी, आतून सरकतं झाकण. थेटराच्या बुकिंगला असते तस्सी. बाईंना डावीकडे, हिशेबनिसांना समोर, विक्रीच्या दोघांना उजवीकडे. माझ्या खुर्चीच्या मागे, बरोबर मानेच्या उंचीवर, एक.

आमची ही माझ्या कानाशी आली. "अहो, इथे तिकिटं कसली मिळतात?"

मिस्त्री कोपऱ्यात हत्यारं आवरत होते. मी धावलो. "मिस्त्री, हे काय?"

"यादीपरमान हाय सगला. सहा खिडक्या, येक भित. मोजून घ्या."

"अहो, खिडकी म्हणजे हॉलची खिडकी! ती! जिच्याजवळ बसायचं ती!"

मिस्त्रींनी त्या खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "ती तं हायच. जी हायच ती यादीत कशाला लिवायची?"

हा प्रश्न आज इतक्या वर्षांनीही मला सुटलेला नाही.

तेवढ्यात गुरुजींनी हाक मारली. साहेबांच्या सौभाग्यवती पुण्याला, मालकांच्या यायच्या होत्या पण पाय मुरगळलेला, हिशेबनिसांची मंडळी उशिरा येणार. पूजेला जोडपं हवं. तेव्हा समोर दिसलेल्या आम्हा दोघांना पाटावर बसवलं गेलं. हिने पिशवीतला लग्नातला शेला काढून माझ्या खांद्यावर टाकला आणि मी देवासमोर घाम पुसत बसलो.

साहेब आले ते थेट माझ्या पाटापाशी. वाकून, दात आवळून म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

"आचमन करा," गुरुजी म्हणाले.

मी आचमन केलं.

"मी तुम्हाला विचारतोय! ऑफिस आहे की टॉकीज?"

"डोळ्यांना पाणी लावा," गुरुजी म्हणाले. त्याची गरज नव्हती, पण मी लावलं.

"मालक येतायत. त्यांना काय सांगू?"

"आता मनातली इच्छा बोला आणि पळीभर पाणी सोडा."

मनातली इच्छा मी बोललो. ती अशी होती की मालकांची गाडी बंद पडावी. आमच्या हिने माझ्या हाताला हात लावला होता, म्हणजे तिचीही इच्छा त्यात मिसळली असणार. कारण मालक वेळेवर आले.

आरती झाली. मालक प्रसन्न चेहऱ्याने देवाला नमस्कार करून वळले, आणि पार्टिशनांपुढे थबकले. साहेबांनी घसा साफ केला. मी शेल्याची गाठ सोडत होतो आणि ती सुटत नव्हती.

तेव्हा टायपिस्ट बाईंनी जे केलं त्याबद्दल मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. त्या शिऱ्याचं पातेलं घेऊन आपल्या खोपट्यात शिरल्या. आतून झाकण सरकल्याचा आवाज झाला, आणि कमानीतून आवाज आला, "प्रसाद! रांगेत या! धक्काबुक्की नको!"

शिपाईमामा पहिले. मग विक्रीचे दोघं, त्यांना रांगांची सवयच. मग हिशेबनीस, ते म्हणाले, "कोपऱ्यातलं द्या, पंख्याखालचं." रांगेत कुणीतरी शिट्टी वाजवली. आणि मालक, पांढऱ्या सफारीतले आमचे साठीचे मालक, सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी फटीतून हात आत घातला आणि म्हणाले, "दोन बाल्कनी."

"बाल्कनी फुल्ल," बाई आतून म्हणाल्या. आत कोणाचा हात आलाय ते त्यांना दिसत नव्हतं. "स्टॉलचं देऊ?"

मालक एवढे हसले की त्यांना धरून बसवावं लागलं. मालक हसले म्हणून साहेब हसले, साहेब हसले म्हणून आम्ही मोकळेपणी हसलो. गुरुजीही दक्षिणा घ्यायला खिडकीवर आले. मिस्त्री तेवढे गंभीर होते. त्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

दादा हसत नव्हते. ते आपल्या जागी जाऊन बसले होते, डाव्या अंगाला छतापर्यंत पक्की भिंत, उजव्या अंगाला कमानीची खिडकी, आणि खिडकीच्या फटीकडे बघत होते. मीही बघत होतो. सगळी गंमत झाली तरी खरी गोष्ट राहिलीच होती.

साहेबांना ती आठवली. मालकांना ऑफिस दाखवता दाखवता ते केबिनच्या दारात आले आणि सवयीने म्हणाले, "दादा!" हाक भिंतीवर आपटली. ती दोन्ही कान धड असलेल्यालाही ऐकू गेली नसती. साहेबांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वळसा घालून उजवीकडे आले. फट खाली होती, म्हणून कमरेत वाकावं लागलं. अगदी फटीला तोंड लावून, बुकिंगला बोलतात तसं स्वच्छ, एकेक शब्द तोडून ते म्हणाले, "तळोज्याची, चलनं, गेली का?"

शब्द पुरा व्हायच्या आत आतून उत्तर आलं. "गेली साहेब. सकालीच. पोच दावू?"

साहेब दचकले. पुन्हा वाकले. "आणि पुण्याचं पार्सल?"

"उद्या जाल. दोरी आनाला सांगितलीय."

साहेब सावकाश सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य, मग विचार आणि मग मोठं समाधान पसरताना मी पाहिलं. ते मालकांकडे वळले. "बघितलंत? योग्य जागा दिली की माणूस कसा बदलतो. म्हणून मी यांना म्हटलं होतं, आधी माणसांना विचारा. या खिडक्या त्यातूनच आल्या."

"कल्पना छान आहे," मालक म्हणाले.

"आमचीच," साहेब म्हणाले.

जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पुटपुटले, "तळोज्याचं राहू द्या."

मी दादांच्या खिडकीपाशी गेलो आणि वाकलो. "दादा, राहिलं हां तळोज्याचं."

आतून काही वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, चुकून भलत्या बाजूला वाकलो की काय. मग फटीतून लिंबाच्या वासाचा एक हात बाहेर आला, त्याने माझा हात घट्ट धरला, हलवला आणि सोडला. लगेच झाकण सरकलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

त्या खिडक्या पुढे बरीच वर्षं टिकल्या. हिशेबनीस जेवायच्या वेळी झाकण लावून आतून 'बंद' अशी पाटी लावत. माझ्याशी लोक मानेच्या मागून बोलत, आणि मी लक्ष दिलं नाही तर बाई फटीतून फूटपट्टी घालून टोचत. दादांशी मात्र सगळेच वाकून, नीट, एकेक शब्द उच्चारून बोलायला शिकले. चार वर्षांनी दादा निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी भाषणात सांगितलं की ऑफिसात एका हाकेला ओ देणारा असा दुसरा माणूस नव्हता. दादा साहेबांच्या डावीकडे बसले होते, म्हणजे उजवा कान साहेबांकडे होता. ते खाली मान घालून हसत होते.

पण ते पुढचं. पूजेच्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. चहा हातात घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि बोलत सुटलो. माणसाला काय हवं ते नुसतं ऐकून भागत नाही, म्हणालो. मागणीच्या मागची गरज ओळखावी लागते. एखादा भिंत मागतो तेव्हा तो खरं काय मागतोय, हे कळायला नजर लागते. प्रत्येकाची उंची निराळी, कोपर निराळं, कान निराळा. जागा माणसासाठी असते, माणूस जागेसाठी नसतो. हे वाक्य मला फारच आवडलं, म्हणून मी ते दोनदा म्हटलं.

ही स्टुलावर उभी होती. पिठल्याबरोबर लोणचं हवं म्हणून मीच सांगितलं होतं. टाचा उचलून तिने लाटण्याने बरणी फळीच्या कडेपर्यंत ओढली, दोन्ही हातांत धरली, पायाने अंदाज घेत खाली उतरली आणि बरणी माझ्यापुढे ओट्यावर ठेवली. पदराने हात पुसले.

"अहो," ती म्हणाली, "त्या पन्नास फॉर्मांतला एखादा उरलाय का?"